आखाड्यातले प्राणी
(वार्षिक व्याख्यानाची संहिता)



या व्याख्यानासाठी 'युद्धकलांतील प्राणिप्रतीके' असे शीर्षक मला सुचवण्यात आले होते. मी त्यातला 'प्रतीके' हा शब्द काढायला लावला. तो का काढला, हे सांगण्यातच माझा बराचसा वेळ जाणार आहे. साहित्याच्या वर्गात आम्ही प्रतीक म्हणतो तेव्हा एका वस्तूने दुसरी सूचित व्हावी अशी अपेक्षा असते. सिंह म्हणजे शौर्य, कोल्हा म्हणजे कावा, हरिण म्हणजे भित्रेपणा. उत्तरपत्रिकेत एवढ्यावर गुण मिळतात. मातीत उतरलेल्या माणसाचे मात्र एवढ्यावर भागत नाही. पुढच्या क्षणी पाय कुठे टाकायचा, हा त्याचा प्रश्न असतो. त्या प्रश्नाचे उत्तर शोधताना तो प्राण्यांकडे पाहतो. या पाहण्याबद्दल मला आज बोलायचे आहे.

वडोदऱ्यात हे बोलण्याला थोडा अर्थ आहे. दत्तात्रय चिंतामण मुजुमदारांनी संपादित केलेल्या मराठी व्यायाम ज्ञानकोशाचे दहा खंड याच शहरात १९३६ पासून निघाले. जुम्मादादांचा आणि प्रो. माणिकरावांचा आखाडाही इथलाच. सोमेश्वराचा 'मानसोल्लास' आणि ज्येष्ठीमल्लांचे 'मल्लपुराण' हे दोन्ही संस्कृत ग्रंथ गायकवाड ओरिएंटल सीरिजमध्ये इथूनच छापले गेले. म्हणजे भारतीय मल्लविद्येचा कागदावर उतरलेला ऐवज पाहायचा असेल तर बाहेरच्या माणसाला आपल्या दारात यावे लागते. आपण स्वतः त्या दारातून किती वेळा आत जातो, हा वेगळा विषय आहे.

सुरुवात शस्त्रांपासून करते, कारण तिथे प्राणी नावातच आहे.

वाघनख आपल्या सर्वांच्या मनात १० नोव्हेंबर १६५९ या तारखेला बांधलेले आहे. २०२४ च्या जुलैत लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातले वाघनख साताऱ्यात प्रदर्शनासाठी आणले गेले. ते तेच की दुसरे, यावर वृत्तपत्रांतून भरपूर चर्चा झाली. त्या चर्चेत मी शिरत नाही. माझे काम नावाशी आहे. या शस्त्राला वाघाचे नाव का? 'वाघासारखे पराक्रमी शस्त्र म्हणून', असे उत्तर माझे विद्यार्थी देतात. पण शस्त्र हातात घेऊन पाहा. एक पट्टी, तिच्या दोन टोकांना दोन कड्या, पट्टीखाली चार-पाच वळलेली नखे. कड्या बोटांत घातल्या की वरून पाहणाऱ्याला अंगठ्या दिसतात आणि नखे मिटलेल्या मुठीत राहतात. आता वाघ कसा चालतो ते आठवा. कुत्रा फरशीवरून चालला की त्याची नखे वाजतात. वाघाची वाजत नाहीत, कारण चालताना तो ती आत ओढून घेतो आणि हवी तेव्हाच बाहेर काढतो. ज्याने हे शस्त्र घडवले किंवा ज्याने त्याला नाव दिले, त्याने वाघाची डरकाळी घेतली नाही. त्याचा मिटलेला पंजा घेतला. हे पाहणे फार जवळून केलेले आहे.

त्याच्या जोडीला बिचवा. सभासदाच्या बखरीत प्रतापगडच्या भेटीत ही दोन्ही शस्त्रे येतात. बिचवा म्हणजे विंचू. पाते दुहेरी बाकाचे, टोकाकडे नांगीसारखे वळलेले, अस्तनीत मावेल एवढे. (हिंदीत बिछुआ म्हणजे पायातले जोडवेसुद्धा. एकाच शब्दात सौभाग्य आणि खंजीर कसे राहतात, हे कुणीतरी एकदा नीट लिहायला हवे.) आता गंमत पाहा. जंगलाचा राजा आणि दगडाखालचा विंचू एकाच माणसाच्या दोन हातांत आहेत, आणि शस्त्रकाराच्या लेखी त्यांच्यात उच्चनीच काही नाही. दोघांचा एकच गुण त्याला हवा होता, तो म्हणजे लपवलेले टोक.

तिसरे नाव माडूचे. कोल्हापूरकडच्या मर्दानी खेळात हे ज्यांनी पाहिले असेल त्यांना वर्णन नको. काळविटाची दोन शिंगे उलट दिशांना टोके करून जोडतात, मध्ये मूठ, आणि मुठीवर बहुधा लहानशी ढाल. माडूचे मुख्य काम वार अडवणे हे आहे, टोचणे नंतरचे. ज्यांना उघड शस्त्र बाळगता येत नसे असे फकीर, बैरागीही हे जवळ ठेवत. साहित्यात भित्रेपणासाठी राखीव असलेले हरिण आखाड्यात शिंगांनिशी उभे राहते. पळून जायला जागा नसलेले काळवीट काय करते, हे आम्ही कवितेच्या वर्गात शिकवत नाही. आखाडा ते शिकवत असे.

आता शस्त्रांकडून अंगाकडे येते. मल्लयुद्धाच्या चार पद्धती परंपरेने सांगितल्या जातात: भीमसेनी, हनुमंती, जांबुवंती आणि जरासंधी. भीमसेनीत बळ मुख्य, हनुमंतीत डावपेच आणि चापल्य, जांबुवंतीत प्रतिस्पर्ध्याला मिठीत जखडून ठेवणे, आणि जरासंधीत हाडे-सांधे मोडणे. ही चार नावे मी अनेक वर्षे वर्गात सांगत आले. त्यांतली वाटणी मात्र माझ्या उशिरा लक्षात आली. दोन नावे माणसांची आहेत आणि दोन प्राण्यांची, एक वानर आणि एक अस्वल. आंधळे बळ आणि हाडे मोडण्याचे क्रौर्य या दोन पद्धती माणसांच्या नावावर गेल्या. कौशल्य आणि न मारता जखडणे या दोन पद्धती प्राण्यांकडे आल्या. 'पाशवी बळ' हा आपला नेहमीचा शब्दप्रयोग या यादीसमोर टिकत नाही.

जांबुवंताची कथा तुम्हाला माहीत आहे. स्यमंतक मण्यासाठी तो कृष्णाशी गुहेत झुंजला, भागवताप्रमाणे २८ दिवस. शेवटी त्याने समोरच्याला ओळखले, मणी दिला आणि मुलगीही दिली. एवढ्या लांबलेल्या झुंजीचा शेवट सोयरिकीत होतो. अस्वलाची मिठी ही मारण्याची आहे की भेटण्याची, हे लांबून कळत नाही. कुस्तीतही पहिल्या क्षणी कळत नाही.

हनुमंताबद्दल फार बोलायची गरज नाही. प्रत्येक आखाड्यात तो आहे. पण मल्लखांबाची कथा इथे आणायलाच हवी. दुसऱ्या बाजीरावाच्या दरबारात हैदराबादेकडचे अली आणि गुलाब हे दोन मल्ल आव्हान घेऊन आले आणि बाळंभटदादा देवधरांनी ते स्वीकारले, अशी परंपरा आहे. तयारीसाठी ते वणीच्या सप्तशृंगीला गेले. देवीच्या दृष्टान्तानंतर मारुतीने त्यांना लाकडी खांबावर डाव शिकवले, असे सांगतात. खांबावरचा मल्लांचा व्यायाम त्याहून खूप जुना आहे. बाराव्या शतकातल्या 'मानसोल्लासा'त तो आहे. म्हणून मी या कथेकडे उगमाची कथा म्हणून पाहत नाही. शिकणे कसे होते हे ती सांगते, म्हणून ती मला मोलाची वाटते. बाळंभटांना तोडीचा जोडीदार नाही, वरचढ उस्ताद नाही. मग गुरू कोण? झाडावर चढणारे माकड. बुंध्याला ते मांड्यांनी कसे धरते, हात सोडून कसे उलटे होते, उतरताना आधी काय सोडते, हे पाहायचे. एरंडेल चोळलेल्या गुळगुळीत खांबावर पहिल्यांदा चढणारे पोर घसरते, तेव्हा त्याला शौर्याचे प्रतीक कामाचे नसते. माकडाच्या मांडीची पकड कामाची असते.

हेच केरळच्या कळरीपयट्टूत फार व्यवस्थित मांडलेले दिसते. तिथे अंगाच्या ठेवणीला 'वडिवु' म्हणतात आणि उत्तरेकडच्या परंपरेत आठ ठेवणी प्राण्यांच्या नावाने शिकवतात: गज, सिंह, अश्व, वराह, सर्प, मार्जार, कुक्कुट आणि मयूर. गुरुक्कळ बदलला की यादीतले एखादे नाव बदलते. या आठांतला सिंह एकच. बाकी कोण आहेत पाहा. मांजर आहे, डुक्कर आहे, कोंबडा आहे. गजवडिवात माणूस गुडघे वाकवून खाली बसतो, वजन जमिनीत उतरवतो आणि हात पुढे सुळ्यांसारखे येतात. कुक्कुट आणि मयूर या एका पायावर तोललेल्या ठेवणी आहेत, दुसरा पाय उचललेला आणि उडीला तयार. आखाडा विचारतो की या प्राण्याचे वजन कुठे असते आणि ते तो कुठून कुठे नेतो. मल्याळीत या विद्येच्या शेवटच्या टप्प्याला 'सारा देह डोळा होणे' अशा अर्थाचा वाक्प्रचार आहे. फिलिप झारिली या अभ्यासकाने १९९८ मध्ये कळरीवर लिहिलेल्या ग्रंथाला त्याचेच नाव दिले. झाडीतून चालणारे जनावर पाहिलेल्या माणसालाच हा वाक्प्रचार सुचू शकतो.

चीनमधल्या वाघ-बगळ्यांच्या शैली आता चित्रपटांमुळे सर्वांना ठाऊक आहेत, म्हणून त्यांच्यावर थांबत नाही. एवढेच सांगते की त्या परंपरेच्या फार आधी, उत्तर हान काळात, ह्वा थुओ नावाच्या वैद्याने पाच प्राण्यांच्या हालचालींचा व्यायाम सांगितला होता: वाघ, हरिण, अस्वल, माकड आणि पक्षी. तो वैद्य होता. प्राण्यांची नक्कल तिथे आधी प्रकृतीसाठी झाली.

आता पुन्हा आपल्या मातीत आणि माझ्या धंद्यात येते, म्हणजे शब्दांत. कुस्तीच्या डावांची मराठी नावे गोळा करायला मी बसले तेव्हा मला वाटले होते की प्राण्यांची गर्दी सापडेल. तशी ती नाही. बहुतेक नावे कष्टकऱ्यांच्या कामातून आलेली आहेत. धोबीपछाड घ्या, मोळी घ्या. प्राणी अधूनमधून डोकावतात. मछलीगोता आहे, खाली बसलेल्याला घोडा करणारी सवारी आहे. व्यायामात हनुमान जोर आणि वृश्चिक जोर आहेत. आणि एक नाव असे आहे की ज्यावर मी दोन तास बोलू शकेन, पण दोन मिनिटेच घेते. ते म्हणजे गदेलोट. फडावर समालोचक हे नाव घेतो तेव्हा आपल्याला मारुतीची गदा दिसते. हिंदीत मात्र याच नावाच्या पेचाला गदहलोट म्हणतात. गदहा म्हणजे गाढव, आणि लोट म्हणजे लोळणे. धुळीत गाढव पाठीवर कसे फिरते ते ज्याने पाहिले आहे त्याला डाव समजावून सांगावा लागत नाही. माझे मत असे की मराठीत येताना गाढव गळाले आणि त्याच्या जागी गदा आली. ऐकणाऱ्याच्या कानाला गाढव कमीपणाचे वाटले असावे. नाव प्रतिष्ठित झाले. पण डाव कसा करायचा हे नावात होते, ते गेले. शोभेसाठी शब्द बदलला की त्यातली सूचना कशी नाहीशी होते, याचे याहून चांगले उदाहरण मला वर्गासाठी सापडलेले नाही.

किताबांचेही तसेच आहे. हिंदकेसरी, महाराष्ट्र केसरी. केसरी म्हणजे सिंह, असे आपण समजतो आणि ते बरोबरच आहे. १९५९ चे हिंदकेसरी श्रीपती खंचनाळे हे बेळगाव जिल्ह्यातल्या एकसंब्याचे. सीमाभागातून आलेल्या श्रोत्यांच्या चेहऱ्यावर आत्ता जो आनंद दिसतो आहे तो रास्त आहे. पण केसरी हे मारुतीच्या वडिलांचेही नाव आहे, आणि ते वानर होते. महाराष्ट्र केसरीला आपण देतो काय? चांदीची गदा. सिंहाला गदा कशाला लागते? नाव सिंहाचे आणि हत्यार वानराचे, अशी ही जोडी आहे. आखाड्याने आपला वानर सोडलेला नाही, एवढे मी त्यातून घेते.

इथपर्यंत मी मल्लाच्या बाजूने बोलले. आता राजाच्या बाजूने पाहावे लागेल, आणि ते तितकेसे सुखाचे नाही.

'मानसोल्लास' हा कल्याणीच्या चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याचा ग्रंथ, बाराव्या शतकाच्या पूर्वार्धातला. मराठी वाङ्मयाच्या इतिहासात तो आपल्याला भेटतो, कारण त्यातल्या गीतविनोदात जुन्या मराठीचे नमुने आहेत. श्रीगोंदेकरांनी संपादित केलेला त्याचा पहिला भाग १९२५ मध्ये इथे वडोदऱ्यात निघाला. त्यात राजाने करमणूक कशी करावी याचे 'विनोद' सांगितले आहेत. मल्लविनोद त्यांपैकी एक. मल्लांचे वर्ग, त्यांचा आहार, त्यांची तयारी, सगळे बारकाईने दिले आहे आणि मल्लविद्येचे अभ्यासक अभिमानाने त्याचा आधार घेतात. पण प्रकरणांचा क्रम पाहा. मल्लविनोदानंतर कोंबड्यांच्या झुंजीचा विनोद येतो. मग लावा पक्ष्यांचा, मग एडक्यांचा, मग रेड्यांचा. राजाच्या आसनावरून पाहिले तर मल्ल या रांगेत उभा आहे. त्याला खाऊ घालायचे, वजन पाहायचे, जोड लावायची आणि झुंजवायचे. कोंबडाही तसाच.

मल्ल कोंबड्याकडून एका पायावर उभे राहायला शिकतो आणि राजा मल्लाकडे कोंबडा म्हणून पाहतो. माणूस आणि प्राणी दोन्हीकडे जवळ आलेले आहेत, पण ही जवळीक एक नव्हे. हा फरक 'प्रतीक' या शब्दात बुडून जातो, म्हणून मी तो काढला.

आणि हे बाराव्या शतकात संपले असे समजू नका. लुई रूसले हा फ्रेंच प्रवासी खंडेराव महाराजांच्या वेळी वडोदऱ्यात होता. त्याचे प्रवासवर्णन १८७५ साली फ्रेंचमध्ये प्रसिद्ध झाले. त्यात हत्तींच्या साठमारीची वर्णने आहेत, आणि त्यांच्याच सोबत एका कुस्तीचे वर्णन आहे, जिला तो 'नखी की कुस्ती' म्हणतो. दोन माणसांच्या हातांना नखे बांधायची आणि त्यांना एकमेकांवर सोडायचे. पूर्वी ही नखे पोलादाची असत आणि मृत्यू जवळजवळ ठरलेला असे. आता ती शिंगाची केली आहेत, असे तो नोंदवतो. लढणाऱ्यांना भांग पाजलेली असे. नखी हा शब्द आपल्याकडे तारवाद्य छेडण्याच्या साधनालाही आहे. ते वर्णन वाचल्यापासून मला तो शब्द वाजवणाऱ्याच्या बोटात असतानाही निवांतपणे ऐकू येत नाही.

वाघनख आणि ही नखी, दोन्ही माणसाच्या हातात बसवलेले जनावर. पण वाघनख माणूस स्वतः घालतो, आपल्या जिवासाठी, डोके ताळ्यावर ठेवून. नखी त्याच्या हाताला दुसरा कोणी बांधतो आणि आधी त्याची शुद्ध काढून घेतो. वाघाकडे पाहून त्याचा संयम उचलायचा, की माणसाला भांग पाजून त्याचे जनावर करायचे? मोढेऱ्याच्या ज्येष्ठीमल्लांकडे शिंगाच्या मुठीने लढण्याची वज्रमुष्टीची परंपरा होती. म्हैसूरच्या राजवाड्यात दसऱ्याला जेट्टी आजही ती लढत लढतात, रक्ताचा पहिला थेंब दिसेपर्यंत. म्हणजे तेच साधन विद्येच्या मर्यादेत राहू शकते. मर्यादा कोण घालते, उस्ताद की प्रेक्षक, त्यावर सगळे ठरते. 'मल्लपुराणा'त ही विद्या कृष्णाकडून मिळाली आणि निंबजा देवीच्या छत्राखाली राहिली, असा जो आग्रह आहे, तो मला याच संदर्भात वाचावासा वाटतो. आम्ही कुणाचे झुंजीचे कोंबडे नव्हे, असे त्या पोथीला सांगायचे असावे.

आपल्या शहरात हाथीखाना आज धान्यबाजाराचे नाव आहे. हत्ती गेले, साठमारी गेली. कुणी हळहळत असेल तर हळहळो; मी नाही.

आखाड्याचे शब्द जात आहेत त्याची मात्र हळहळ आहे. माझ्या लहानपणी मुलींना आखाड्याच्या उंबऱ्यापलीकडे प्रवेश नव्हता. आज माझ्या वर्गातली एक विद्यार्थिनी राज्य पातळीवर कुस्ती खेळते आणि हे मी अभिमानाने सांगते. मी तिला विचारले की तुमच्याकडे डावांना काय म्हणतात. तिने एकेरी पटाला 'सिंगल लेग' म्हटले आणि बाकीची नावेही इंग्रजीत सांगितली. गादीवरच्या कुस्तीला ती नावे सोयीची आहेत, त्यात तिची चूक काही नाही. त्याच व्यायामशाळेच्या भिंतीवर एक भलामोठा सिंह रंगवलेला आहे, जबडा उघडून ओरडणारा. मी तिला म्हटले, बाई गं, ओरडणारा सिंह शिकार करत नसतो. ती हसली आणि म्हणाली, मॅडम, तो फोटो काढण्यासाठी आहे. मुलीला प्रतीक आणि विद्या यांतला फरक माझ्या आधीच कळलेला होता.

तिने गेल्या सुट्टीत एक काम केले. तिच्या आजोबांबरोबर बसून तिने डावांची आणि जोरांची जुनी नावे वहीत उतरवली, प्रत्येक नावापुढे डाव कसा होतो ते आपल्या भाषेत लिहून. एकेचाळीस नावे झाली आहेत. गदेलोटपुढे तिने आजोबांचे स्पष्टीकरण लिहिले आहे: 'उकिरड्यावर गाढव लोळतं तसं.' आजोबांना हिंदी शब्दाची काही कल्पना नव्हती. वहीच्या प्रती बाहेर टेबलावर ठेवल्या आहेत. बेळगाव, इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबादकडून आलेल्या मंडळींनी आपापल्या तालमीतले शब्द कोऱ्या पानांवर लिहून द्यावेत, गावाच्या नावासह. चहाच्या आधी झाले तर बरे, कारण चहानंतर पेन सापडत नाहीत.